म्हणे पियानोमावशी!

४ जुलै

मावशी! म्हणे मावशी!

मावशी म्हणजे आईची बहीण. म्हणजे माझी बहीण. मला बहीण नाही. एक भाऊ आहे, तोही आठवण झाली तर फोन करतो. मग ही कुठून उपटली?

मुंगी आज पियानोच्या तासावरून आली ती दारातूनच ओरडत — "आई, पियानोमावशी म्हणाली माझी करंगळी हुशार आहे, फक्त लाजते!" आणि ती करंगळी नाचवत सरळ आजीच्या खोलीत. आठ वर्षांची पोर. गेलं वर्षभर या घरात तिच्या तोंडून "हं", "नको" आणि "झालं" यापलीकडे काही निघत नव्हतं. नवं घर, नवी शाळा — मानवलंच नाही तिला. शेवटी वर्गशिक्षिका म्हणाल्या, काहीतरी संगीताचं लावून बघा. मीच शोधाशोध केली. मीच फोन केला. दवाखान्याच्या वेळा बदलून मीच सोडायला-आणायला जाते.

आणि पोर बोलायला लागली तर — मावशी!

आनंद व्हायला हवा. झालाय. झालाय ना? झालाय.

७ जुलै

जबडा दुखतोय. झोपेत दात खात होते म्हणे. नवरा म्हणाला, "दातांची डॉक्टर ना तू? स्वप्नात कुणाला चावत होतीस?"

सांगितलं नाही.

११ जुलै

त्या बाईच्या वर्गाबद्दल लिहून ठेवते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मी उगाच बोलते.

खाली रंगाचं दुकान. जिन्यात कायम रंगाचा वास. वर एकच खोली, तिला वर्ग म्हणायचं. भिंतीला टेकलेला जुना पियानो, त्याची एक पट्टी वाजतच नाही. दुरुस्त करायची की नाही? नाही! तिचं नाव 'झोपाळू'. मुलं तिच्यावर बोट आलं की हळूच दाबतात, तिची झोप मोडू नये म्हणून. जमिनीवर चटई. आल्या आल्या मूल पियानोवर बसत नाही. ती विचारते, "आज हात कसे आहेत?" कशी आहेस नाही — हात कसे आहेत! मूल म्हणतं, हात दमलेत. मग दमलेल्या हातांचं काहीतरी वाजवायचं. रागावलेत म्हटलं की खालच्या जाड सुरांवर दणादणा. चुकीचा सूर लागला की चुकलं म्हणायचं नाही. "अगं बाई, हा कोण पाहुणा आला?" म्हणायचं. पाहुण्याला थोडं बसवून घ्यायचं, परत वाजवायचं, मग निरोप द्यायचा.

हे सगळं मी पहिल्या दिवशी पाहिलं. त्यानंतर आईवडिलांना आत मज्जाव. "मुलांना कुणीतरी ऐकतंय असं वाटलं पाहिजे, तपासतंय असं नाही," असं म्हणाली. गोड आवाजात. मला! मी दिवसभर लोकांची तोंडं तपासते हे ठाऊक असूनसुद्धा.

तर मी जिन्यात बसते. दार नीट लागत नाही. बरंच ऐकू येतं.

आज मुंगी हसली. नुसती हसली नाही — खिदळली. पोट धरून, श्वास लागेपर्यंत. मी ते हसू विसरलेच होते. रंगाच्या वासात जिन्यावर बसून ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आधी वाटलं, आनंदाचं. मग लक्षात आलं, नाही. अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

१२ जुलै

घरी करून पाहिलं. मुंगी शाळेतून आली. मी अगदी तिच्यासारखं खाली वाकून, हसून — "काय गं, आज हात कसे आहेत?"

मुंगीने हात पुढे केले. म्हणाली, "धुतलेत."

१९ जुलै

मुलं मला घाबरतात. लिहूनच ठेवावं असं सत्य. दवाखान्याच्या दारातच भोकाड पसरतात. मी चॉकलेटी रंगाचा कोट शिवून घेतला, पांढरा नको म्हणून. भिंतीवर हत्ती रंगवले. आज एका पोराने हत्ती बघून विचारलं, "याचे पण दात तुम्हीच काढले?"

आणि तिकडे ती बाई, पोरं तिच्या गळ्यात पडतात. सोपं आहे तिला. तिच्या हातात सुई नसते.

२३ जुलै

सासूबाईंनी आज सहज — अगदी सहज, पाय चेपत बसल्या होत्या — मुंगीचं मावशीपुराण ऐकून हसत म्हटलं, "माय मरो पण मावशी उरो, म्हणतात ते काही खोटं नाही गं बाई!"

म्हण आहे. हजारदा ऐकलेली. त्यांच्या मनात काही नव्हतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

३० जुलै

आजचं लिहायलाच हवं.

तास संपला. मुंगी बूट घालत होती. ती बाई दारात आली, हळू आवाजात म्हणाली, "शाळेतलं आता जरा निवळलंय ना?"

मी म्हटलं, "हो हो. निवळलंय."

कुठलं शाळेतलं? काय निवळलं? मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं! पण विचारलं असतं तर मला माहीत नाही हे तिला कळलं असतं. म्हणून मान डोलावत राहिले, आणि ती बोलत राहिली, आणि मी तुकडे गोळा करत राहिले. वर्गातल्या काही मुली मुंगीला 'मुकी' म्हणतात. डब्याच्या सुट्टीत कडेला सरकवतात. मुंगीने त्यातल्या म्होरकीला एक जाडा सूर दिलाय, सर्वांत खालचा. तो आला की दोघी मिळून त्याच्याभोवती वरचे सूर नाचवतात, तोपर्यंत त्याची भीती जाते.

वर्षभर! वर्षभर पोर 'हं' म्हणत होती आणि पोटात हे होतं. मी रोज विचारलं. रोज! "शाळेत काय झालं आज?" — "काही नाही."

मला काही नाही. तिला सगळं.

घरी येताना मुंगीचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "आई, दुखतंय."

३१ जुलै

शाळेत गेले. वर्गशिक्षिकेशी बोलले. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, मुलींना वेगळं बसवते. मुंगीने तुम्हाला सांगितलं हे फार चांगलं लक्षण आहे, म्हणाल्या.

मी "हो" म्हटलं. दुसऱ्यांदा तेच खोटं.

६ ऑगस्ट

घरी एक छोटा इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला. वाटलं, आम्ही दोघी मिळून वाजवू. मी यूट्यूबवर बघून सा-रे-ग-म इतकं शिकूनही घेतलं. संध्याकाळी तिच्याशेजारी बसले. ठरवलं होतं, चुकलं म्हणायचं नाही. नाही म्हणजे नाहीच.

तिने वाजवलं. मी म्हटलं, "छान. फक्त ते तिसरं—"

पुन्हा वाजवलं. "नाही, तिसरं बघ नीट—"

पुन्हा. "अगं चुकलं!"

लगेच जीभ चावली मी. पण शब्द बाहेर पडला होता. मुंगीने कीबोर्डवर त्याचं कापड घातलं, चारी कोपरे नीट ओढले — माझ्यासारखेच! — आणि म्हणाली, "झालं."

१० ऑगस्ट

वर्ग बदलला.

नवरा म्हणाला, "का?" मी सांगितलं — तिथे परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, बिघडलेला पियानो, अजून एक धड तुकडा वाजवता येत नाही. चौकापलीकडच्या सरांकडे परीक्षा होतात. शिस्त आहे. सगळं खरं आहे हे! एकही शब्द खोटा नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग — "तुझ्या पोटात दुखतंय."

"काहीही!"

"पोरगी हसायला लागली हे तुला सहन होत नाही, कारण तू हसवली नाहीस."

पेला आपटला मी. फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं.

मुंगीला सांगितलं. वाटलं, रडेल, पाय आपटेल. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "बरं."

बस. "बरं."

त्या बाईला मेसेज टाकला. तिचं उत्तर — "ठीक आहे. मुंगीच्या हातांना माझा नमस्कार सांगा."

नाही सांगितला.

२१ ऑगस्ट

सर वाईट नाहीत. हे मुद्दाम लिहिते. वेळेवर येतात, आवाज चढवत नाहीत, पेन्सिलने ताल धरतात, बोट वाकडं पडलं की पेन्सिलनेच उचलून सरळ करतात. आईवडिलांना मागच्या खुर्चीत बसू देतात. मी बसते. सगळं दिसतं. मुंगीची पाठ दिसते — फूटपट्टी गिळल्यासारखी ताठ.

चुकत नाही ती आता. एकही पाहुणा येत नाही.

सर म्हणाले, "हुशार आहे मुलगी. शांत आहे."

२६ ऑगस्ट

हं. नको. झालं.

२९ ऑगस्ट

आज सासूबाई दुपारच्या चहाला म्हणाल्या, "पोरगी पुन्हा मुकी झाली गं."

त्यांना शाळेतलं काही ठाऊक नाही. त्यांनी आपला शब्द वापरला. माझ्या हातून कप कलंडला.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले, असं माझी आई म्हणाली असती. पण हातात होतं तरी काय माझ्या?

४ सप्टेंबर

देव आहे की काय कुणास ठाऊक, पण असलाच तर विनोदी आहे.

दुपारी पुढचा पेशंट आत पाठवला माझ्या मदतनिसाने, आणि बघते तो ती बाई! गाल सुजून टम्म. चेहरा पांढराफटक. मला बघून दारातच थबकली. मी पण.

"दुसरीकडे वेळ मिळेना," म्हणाली. "आणि मुंगी सांगायची, तुम्ही हळू करता."

मुंगी सांगायची!

खुर्चीत बसवलं. दिवा तोंडावर. "आ करा." खालची डावी दाढ, आतून पार पोखरलेली. काढायलाच हवी. कबूल करते — क्षणभर, फक्त क्षणभर, बरं वाटलं. आली कचाट्यात! बोल आता, हात कसे आहेत?

आणि तेवढ्यात तिचे हात दिसले. खुर्चीच्या दांड्या अशा आवळल्या होत्या की नखं पांढरी पडली होती. ही बाई, जिच्या मांडीवर अख्ख्या गावाची पोरं निर्धास्त होतात, ती माझ्या खुर्चीत पाखरासारखी धडधडत होती. डोळे घट्ट मिटून पुटपुटली, "मला फार भीती वाटते हो. लहानपणापासून. चार दिवस गोळ्या खाऊन काढले."

मग माझं तोंड आपोआप सुरू झालं. रोज जे बोलते तेच. "दुखलं तर डावा हात वर करा. मी तिथल्या तिथे थांबेन. कितीही वेळा करा. आता फक्त गार लागेल. आता फक्त दाब येईल. मी सांगितल्याशिवाय काहीही करणार नाही." तिने दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा थांबले. दुसऱ्यांदा नुसतंच, मी खरंच थांबते का बघायला. मुलं करतात तसं! तिलाही कळलं मला कळलंय ते.

दाढ निघाली. तिला कळलंसुद्धा नाही. कापूस दातांखाली धरून उठली आणि बधिर तोंडाने काहीतरी बोलली — "मुंगी… आई… घाब्ब…"

"काय?"

पुन्हा तेच. मुंगी, आई, घाब्ब. मी म्हटलं, "बोलू नका. कापूस दाबून ठेवा."

गेली. मुंगी का येत नाही, हे एका शब्दाने विचारलं नाही.

५ सप्टेंबर

मुंगी आईला घाबरते. हेच म्हणाली असणार. दुसरं काय?

७ सप्टेंबर

हेच म्हणाली.

खरं असेल तर?

८ सप्टेंबर

मुंगीला विचारलं. आडून नाही, सरळ. "मुंगे, तू मला घाबरतेस?"

तिने विचार केला. पोरं इतका वेळ विचार करतात तेव्हा जीव टांगणीला लागतो. म्हणाली, "नाही. पण तू काही विचारलंस ना, की मला आधी बरोबर उत्तर शोधावं लागतं."

"आणि पियानोमावशी विचारते तेव्हा?"

"ती चुकीचं पण घेते."

मी तिच्या केसांचा गुंता सोडवत होते. सोडवत राहिले.

९ सप्टेंबर

सरांना फोन केला. नाही येणार म्हटलं. ते म्हणाले, परीक्षा तोंडावर आहे. म्हटलं, असू दे.

११ सप्टेंबर

जिना चढताना मुंगी पुढे, मी मागे. अर्ध्या जिन्यात तिने माझा हात सोडला आणि धूम! दार उघडलं. ती बाई — गाल अजून किंचित सुजलेला — काही बोललीच नाही. नुसती खाली बसली आणि हात पसरले. मुंगी तिच्यावर जाऊन आदळली.

बघवत नव्हतं. खोटं कशाला लिहू? मी पोर परत आणून दिली म्हणजे काही माझ्या अंगी देवमाणूसपण शिरलं नाही. अजून जळतंय. फक्त आता ठरवलंय, जळू दे. माझं मी बघेन. पोरीला धग लागता कामा नये.

मग मुंगी आत गेल्यावर मी विचारलंच. "त्या दिवशी काय म्हणत होतात? मला वाटलं — मुंगी मला घाबरते."

ती हसली. मग गाल धरून "आई गं" म्हणाली. मग म्हणाली, "उलट हो! मुंगी म्हणते, माझी आई कुणाला घाबरवत नाही, लोकच उगाच घाबरतात. मी म्हणत होते, पोरीचं बरोबर होतं."

आणि दार लोटून घेतलं. पालक बाहेर!

मी जिन्यात बसले. रंगाच्या दुकानातला माणूस वर बघून म्हणाला, "आलात का परत?" म्हटलं, "आलो."

१७ ऑक्टोबर

आज वर्गातच मुलांचं वाजवणं होतं. चटईवर आईबाप, आज्या. आम्हाला आत घेतलं — एकदाचं! नवरा आला, सासूबाई आल्या, जिना चढताना तीनदा टेकल्या पण आल्या.

मुंगीचा छोटासाच तुकडा. अर्ध्यात बोट घसरलं. माझा जबडा आवळला गेला. मुंगीने मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाहुणा आला." सगळे हसले. तीही हसली. तो चुकीचा सूर तिने आणखी एकदा वाजवला, ऐटीत, आणि पुढे गेली. माझी मुलगी! सगळ्यांसमोर बोलली! नवऱ्याने माझा हात दाबला. सासूबाई आज ड्रेसमध्ये, पदर नसल्यामुळे माझ्याच बाहीला डोळे पुसत होत्या.

संपल्यावर मुंगी उठली, धावली — तिच्याकडे. आधी तिच्याकडे. मग माझ्याकडे.

झोंबलं. पण आली तेव्हा गळ्यात पडली ती सुटेचना.

१९ ऑक्टोबर

सकाळी शाळेची घाई. मी तिच्या बुटाच्या नाड्या बांधत होते. म्हणाली, "आई, एक सांगू? कुणाला सांगायचं नाही."

"सांग."

"मला पियानो आवडत नाही."

माझे हात थांबले. "मग जातेस कशाला?"

"मावशी आवडते. पियानो नसला तर ती कुठे भेटणार?"

"तिला सांगितलंस हे?"

"वेडी आहेस का? तिला किती वाईट वाटेल!"

"आणि मला नाही वाटणार?"

मुंगी हसली. "तुला काय! तू तर आई आहेस. तुला सगळं चालतं." आणि दप्तर उचलून गेली.

इतके महिने जळून जळून हेच मागत होते, मुंगीने आधी मला सांगावं. सांगितलं. आणि आता दिवसभर एकच घोर — त्या बाईला हे कधीही, कुठूनही कळता कामा नये. फार लागेल तिला.